साड्या अखाजीच्याच होत्या

मु. पो. पिंपळवाडी, ता. चोपडा
२४ जून १९९१

चि. पंडित यास अक्काचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना? आमच्या केळीला पाणी भरपूर आहे, घड चांगले धरलेत. आणखी काय लिहू?

केळीचंच लिहिते. लोकसभेला तुझ्या दाजींचा उमेदवार पडला, आणि आमच्या गावात तर सपाटून मार खाल्ला. तेव्हापासून हे गावभर सांगतात, "परदेशी पैसा आला. मस्कतहून माझा मेहुणा आला, बायांना साड्या वाटून मतं फोडून गेला." अरे, अखाजीच्या सणाला बहिणीला साडी आणताना तिच्या जावांना, शेजारणींनाही हव्यात म्हणून तू चार जास्त आणल्यास. त्याच नेसून त्या मतदानाला गेल्या, एवढंच.

हे पहिल्यांदा बोलले तेव्हा मी आत चहा गाळत होते. तोच चहा ओसरीवर नेऊन दिला. कुणी म्हणालं, "वहिनी, भाऊ तिकडून अजून काय काय घेऊन आला?" सगळे हसले. मी पदर सारखा केला नि आत आले. लाज वाटते रे. तोंड उघडायचं सोडून मी कपबशा विसळत बसले.

कारण मतं मी फिरवली. गावच्या नळाची लाइन यांनी आमच्या केळीत वळवली आहे. बाया हंडे घेऊन नदीवर जातात, आणि माझी टाकी भरलेली. शेजारच्या बेबाबाईचं सहा महिन्यांचं पोट नदीच्या चढावर पडलं. मग मीच नदीवर जाऊन म्हटलं, यंदा यांच्या चिन्हावर शिक्का मारू नका. बेबाबाई म्हणाली, "वहिनी, तू सांगशी तठे मारसूत." मस्कत कुठं आहे, त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही.

काल आपला चुलतभाऊ भिकन धुळ्याहून आला. म्हणाला, या साड्यांच्या बोभाट्यावरून तिथल्या पोलिसांनी तुझा पासपोर्ट ठेवून घेतलाय आणि रजा संपत आली. तुझी नोकरी गेली तर ती माझ्या गप्प बसण्यानं जाईल.

हे पत्र पोलिसांना दाखव. इथं माझं काय व्हायचं ते होऊ दे. नुसतं "तुझी अक्का" लिहून त्यांचं भागायचं नाही. म्हणून लग्न झाल्यापासून जे नाव कधी तोंडातून काढलं नाही, ते आज माझ्या हातानं लिहिते.

कमलबाई धनसिंग पाटील