गोदीच्या सरणाची लाकडं

४ मार्च १९७३
लिही, कुसुम. सासू बोलती आन् सून मधे तोंड घालत न्हाई, पेनचा हा एक फायदा.
गोदी गेली. माझी धाकटी बहीण. सांगावा आला तशी यष्टीनं वैराग गाठलं, पुढं बैलगाडी. सगळं आटपून आज परत. मला रडू आलं न्हाई. बायका वाट बघून कंटाळल्या.

५ मार्च
काल एक सांगायचं ऱ्हायलं. गावात लाकूड न्हाई. दुष्काळात गोठ्याचे वासे बी चुलीत गेले. गोदीचा किसन दारात उभा. "मावशे, आईला जाळू कशानं?"
मी म्हणलं, "तळ्याकडंला माज्या दत्तानं बाभळी लावल्यात की. तुज्या भावाचं रान. कोण इचारतंय तुला?"
लाकूड ओलं. लई धूर झाला म्हणं.
कुसुम थांबली. लिही गं. फॉरेस्टर तुजा नवरा असला तरी ल्योक माजा हाय.

८ मार्च
दत्ता फिरतीवरनं आला. मावशीची आन् तोडलेल्या बाभळींची बातमी ऐकून आंघोळ केली, तसाच रानात. अकरा बुडखे. एकेकाला नंबर घातला, हातोड्यानं शिक्का मारला. सात वर्सं राखलेली झाडं.
म्हणला, "दाबून टाकलं तर त्या रानावरच्या गार्डची नोकरी जाईल, आई. झाडं सरकारची. आपण नुसती राखायची."
"मग पगार बाभळींनाच द्या म्हणावं."
हसला न्हाई. मी बी न्हाई.

१० मार्च
किसनचा जबाब घेतला. दत्तानं तीनदा इचारलं, कुणी सांगितलं का? तिन्ही वेळा एकच. "मीच तोडली. माज्याच डोक्यानं."
दुष्काळी कामावर मुकादम हाय तो. गुन्हा लागला की काम जाणार. घरात खाणारी सहा.
जेवले. मीठ होतं का न्हाई, कळलं न्हाई.

११ मार्च
सांगितलं दत्ताला. जेवताना न्हाई, हात धुतल्यावर.
"मी सांगितलं किसनला. माजं नाव घाल."
"कुणी ऐकलं?"
"तू. आत्ता."
पिशवी जवळ वढली. किसनच्या जबाबाचा कागद काढला. एक पान फाडलं. दुसरं लिवलं. आमी दोघी ज्वारी पाखडत ऱ्हायलो, पाखडायला उरलं न्हवतं तरी.

१२ मार्च
सकाळी हापिसला गेला. कागद पिशवीत. सायकल काढताना माज्याकडं बघितलं न्हाई. मी बी चपला सरळ करत होते, कुणाच्या ते म्हाईत न्हाई.
पिशवी कुसुमनं भरली. तिनं वाचलंय.
मगाशी म्हणली, "आत्याबाई, कुणाचं नाव हाय, सांगू?"
म्हणलं, आधी पाणी भरून घे. नळ जाईल.