तळ्याचे अकरा अभ्रे

चिरंजीव धाकट्यास,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद पोचता होवो. तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं गरम पाण्याची पिशवी लावा आणि सारखे डॉक्टर बदलू नका. डॉक्टर बदलला तरी गुडघा तोच राहतो. माझं ठीक आहे. हल्ली दोरा दिसतो पण सुईचं नाक दिसत नाही, तरी इतक्या वर्षांत त्या नाकाची जागा पाठ झालीय, ओवते अंदाजाने. झालं, तब्येतींचं संपलं. आता कामाचं.

मागे फोन आपटायच्या आधी तू म्हणालास, त्या मुलीचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. बरं बाबा, नाही काढत. नाव न काढता लिहिते. तुझी लेक, जिला आपण सगळे मुंगी म्हणतो (हे काही तिचं नाव नव्हे, तेव्हा मी शब्द मोडला असं होत नाही), ती आणि तिच्याबरोबरची सहा जणं तळं बुजवायला आलेल्या यंत्रापुढे बसली म्हणून आत टाकली, त्याला आज एकतीस दिवस झाले. दगड नाही, शिवी नाही, यंत्राला कोणी बोट लावलं नाही. नुसती बसली. मला पहिल्यांदा राग आला तो ह्याचाच. नुसतं बसून काय होतं? (मीही जन्मभर मशीनपुढे बसूनच पोट भरलं म्हणा. ते सोड.) तुझा राग मला कळतो. रस्त्याच्या कचेरीत नकाशे काढणारा तू, त्या तळ्यातून जाणारी रेघ तुझ्या हातची, आणि बरोबर त्याच रेघेवर पोटची पोर जाऊन बसली. कचेरीत लोक तोंडाला रुमाल लावून हसले असतील. हसेनात का. लोकांना दुसरा उद्योग काय?

तर मी गेले ती फक्त तिला लोकरीची बंडी आणि दोन लेंगे द्यायला. जायचं, द्यायचं, यायचं, एवढाच बेत. मोर्चे, मेणबत्त्या, भाषणं, ह्यातलं मला काही जमत नाही हे तुला ठाऊक आहे. तुरुंगाच्या खिडकीवर एक पहारेकरीण बसते, जाडजूड, आवाज ताशासारखा. तिने बंडी घेतली आणि लेंगे माझ्या अंगावर परत टाकले. म्हणे नाडी चालत नाही, आत दोरी नेता येत नाही. मी म्हटलं, "बाई, नाडीशिवाय लेंगा म्हणजे पडदा, तो काय खिळ्याला टांगायचा?" ती म्हणाली, "आत्या, नियम मी नाही केला, मागे रांग आहे, सरका." (फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी आत्या लिहिलं होतं. तेव्हापासून त्या दारावर मी सगळ्यांची आत्या, अगदी बंदुकवाल्यांचीसुद्धा.) बाजूला सरकून बघते तर भिंतीला टेकून आठदहा माणसं, प्रत्येकाच्या हातात परत आलेला एकेक लेंगा नाहीतर पायजमा, आणि चेहरे असे की जणू माणूसच परत पाठवलाय. आता माझ्या पिशवीत कात्री, सुई आणि इलॅस्टिकचं भेंडोळं नाही असा दिवस उजाडलेला नाही. फुटपाथच्या कडेला बसले, नाड्या उपसल्या, इलॅस्टिक घातलं. माझे दोन झाले तोवर मांडीवर आणखी पाच येऊन पडले. कोणी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून हातमशीनच घेऊन गेले, कारण सुईने हे काम करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. आज एकोणीस दिवस झाले. त्यात आंदोलन वगैरे काही नाही, नुसतं इलॅस्टिक आहे.

आतल्या मुलांच्या घरच्यांचं आणि मित्रांचं आंदोलन समोरच्या बाजूला चालतं. रोज सकाळी तासभर, दाराकडे तोंड करून, चटयांवर, एक शब्द न बोलता. एक झोळीवाली मुलगी सगळं बघते, कोण आलं, कोण नाही, कोणाला पाणी हवं. चांगली आहे, पण हळू बोलते. मला हळू बोलणाऱ्यांची भीती वाटते. पहिल्याच दिवशी येऊन कुजबुजली, "आत्या, आमचं मौन चालू आहे, मशीन जरा…" मी म्हटलं, "मौन माणसांचं आहे ना? मशीनने कुठे शपथ घेतलीय?" ती परत चटईवर जाऊन बसली. मग दोन दिवसांनी आतून निरोप आला की भिंतीपलीकडे खडखड ऐकू येते, आणि ती सुरू झाली की आतल्या मुलांना कळतं, बाहेर लोक येऊन बसले. झालं! आता मला सुट्टी नाही. परवा शिवायला काही नव्हतं तरी रिकामं मशीन फिरवत बसले, वेड्यासारखी.

आता अभ्र्यांचं सांगते, कारण पेपरात आलंय आणि तू वाचलं असशील, आणि पेपरवाल्यांनी सगळं उलटं लिहिलंय. खटल्याच्या तारखेला दारासमोर एक लांबच लांब चित्र धरायचं असं ह्यांचं ठरलं. चित्र काढणार चित्रकलेचे मास्तर (त्यांचा मुलगा मुंगीबरोबर आत आहे, माणूस सज्जन, बटणं नेहमी एक घर चुकलेली). कापड जोडायचं काम माझ्याकडे. कापड बघितलं आणि माझा जीव कळवळला. पांढरं, घट्ट विणीचं, हातात वजन लागावं असं. आणि ते एका सकाळसाठी! मग गुंडाळून कुठेतरी उंदरांना! तू मला ओळखतोस. मी कोणाला न सांगता त्याचे उशीचे अकरा अभ्रे बेतले, आत दुमडायची पट्टी, कडा, सगळं पक्कं शिवलं, आणि ते एकमेकांना धावदोऱ्याने जोडून दिले. कच्चे टाके. म्हटलं, त्यांचा कार्यक्रम आटोपला की एक दोरा ओढायचा, अकरा घरांत अकरा अभ्रे. मास्तरांना वाटलं शिवण आहे. त्यांनी आठ दिवस मान मोडून त्यावर अख्खं तळं काढलं, पाणी, लव्हाळी आणि मधोमध एक मोठा बगळा.

तारखेच्या सकाळी चित्र उलगडलं, अकरा जणांनी धरलं, आणि मी कबूल करते, बघत राहावं असं होतं. तेवढ्यात नव्या टोपीतला एक अधिकारी आला. दारासमोर फलक चालणार नाही, गुंडाळा. झोळीवाली हळूच काहीतरी म्हणाली, ते त्याला ऐकू गेलं नसावं, कारण त्याने सरळ मधला भाग धरला आणि ओढला. कोणी उलट ओढलं नाही रे, सगळे नुसते धरून उभे. पण कच्चा टाका तो. सर्रकन दोरा निघाला आणि बघता बघता तळ्याचे अकरा तुकडे, दहा दहा जणांच्या हातात! अकरावा साहेबांच्या मुठीत, त्यावर बगळ्याचा एक पाय. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"हे काय आहे?" साहेब. मी म्हटलं, "उशीचे अभ्रे." त्याने उलटून पाहिलं, आत हात घालून पाहिला, कोपऱ्यापर्यंत गेला. पहारेकरीण नियमांचं पुस्तक घेऊन आली, बोट लावून लावून वाचलं. फलक आहे, झेंडा आहे, भोंगा आहे, अभ्रा कुठेच नाही. "पण ह्यावर तळं आहे," साहेब म्हणाला. मी म्हटलं, "लोक फुलं काढतात, आम्ही तळं काढलं. झोप चांगली लागते." पहारेकरणीला खोकला आला. साहेबाने पाय परत दिला. मग सगळे आपापला अभ्रा मांडीवर पसरून दुपारपर्यंत बसले, आणि तोच फोटो पेपरात आला. लिहिलंय की ही फार विचारपूर्वक आखलेली युक्ती होती. कसली युक्ती, कापड वाया जाऊ नये म्हणून होतं ते! मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत्या, बाकी सगळं माफ, पण बगळा नेमका पोटात कापलात."

जामीन मात्र झाला नाही. पुढची तारीख पडलीय.

मुंगीला दर गुरुवारी जाळीतून भेटते. कमरेला दोन इंच उतरलीय (टेप लावला नाही, माझी नजर पुरते). हसते, आत बायकांना वाचायला शिकवते, मलाही म्हणाली शिकवू का पुढचं, चौथीनंतरचं. मी तिला भरपूर बोलून घेतलं, तो माझा हक्क आहे. ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबांची पाठ कशी आहे?" मग म्हणाली, मी विचारलं हे त्यांना सांगू नकोस. मी म्हटलं नाही सांगत. (सांगितलेलं नाहीच. तू वाचलंस.) आणखी म्हणाली, ती रेघ त्यांना काढायला सांगितली म्हणून त्यांनी काढली, माझा त्यांच्यावर राग नाही, बाबा रेघ सुंदरच काढतात. एक गोष्ट मात्र बघितलीय. दर गुरुवारी दार उघडलं की ती आधी माझ्या मागे बघते, मागे कोणी नाही असं दिसलं की मग माझ्याकडे बघून हसते.

तर एवढंच. तू यावंस असं मी म्हणत नाही. ऊन फार, उभं राहावं लागतं, तुझ्या पाठीला झेपायचं नाही. माझं काही मागणं नाही, सगळं छान चाललंय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
ताई

ता. क. आंदोलनाशी माझा संबंध नाही असं वर लिहिलंय ते खरंच आहे. त्यांच्या चटया ठेवायच्या खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे असते, कारण ती पोरं कुठेही टाकतात.

ता. क. दुसरा. माझ्या मशीनशेजारी पाठीला टेकू असलेली एक खुर्ची आणून ठेवलीय. कोणालाही बसू देत नाही. मास्तरांनी विचारलं कोणाची, मी म्हटलं तुम्हाला काय करायचंय?

ता. क. तिसरा. येत्या गुरुवारी, सकाळी अकराला, भेटीच्या फॉर्मवर माझ्याऐवजी तुझं नाव घातलंय. नातं: वडील. भेटणाऱ्याची सही आठवडाभर आधी लागते, ती मीच ठोकली. (शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तू बाबांची सही करायचास ते मी बघत होते, तेव्हा हे घराण्यातलंच आहे.) पहारेकरणीने सही बघितली, मला बघितलं, आणि शिक्का मारला. आता तू आला नाहीस तर ती खोटी सही ठरेल, आणि मग तुझ्या घरातल्या दोघी आत. आलास तर खरी.