खोलीत घुमणारा डबा

४ जाने. २००४, रवि. मोखाडा.
डबा आज लागला. नाशिकच्या दुकानात ऐकवला तोच आहे का, शंका आहे. खोक्याची चिकटपट्टी एकदा काढून परत लावल्यासारखी दिसते. दुकानदार जरा जास्तच गोड बोलत होता.

सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा डबा, हे सौ.ला तीनदा सांगितलं. "मग बाकीचं गाणं कोण वाजवतं?" बाकीचं जुने स्पीकर. "मग याची गरज काय?" सोडून दिलं.

खोली दहा बाय बारा. वर कौलं, खाली शहाबादी फरशी. कोपऱ्यात भाताची कणगी, छातीभर उंच. गावाहून थोरल्या भावाने, दादाने, शेतातल्या वाट्याचं भात आणून ओतल्यावर सौ.ने झाकण शेणाने लिंपून बंद केलेली. ती हलवायची सोय नाही. डबा तिच्याशेजारी ठेवून पखवाजाची कॅसेट लावली. ठीक. नुसतंच ठीक.

११ जाने., रवि.
मासिकातली युक्ती केली. डबा आपल्या खुर्चीवर ठेवायचा न् आपण खोलीभर रांगत ऐकायचं. जिथे खर्ज स्वच्छ लागेल ती डब्याची जागा. रांगत असतानाच शेजारचे वाघ गुरुजी दारात. "काय हरवलं, भाऊसाहेब?" सौ. आतून, "डोकं."

जागा सापडली. खिडकीखाली, भिंतीपासून वीतभर. खडूने चौकट आखली. क्रॉसओव्हरची, म्हणजे कुठपासून खालचे सूर डब्याने घ्यायचे त्याची, चावी ऐंशीवर, तिथे पेन्सिलची खूण. मग खुर्चीत बसलो. पखवाजाचा 'धा' असा आला, भरीव, आला तसा थांबला, की डोळे भरले. खोटं कशाला लिहू.

१६ जाने.
संक्रांतीला गावी, वांगणीला गेलो नाही. आई दादाकडे असते. दिवाळीत मी डब्याचं बोलून बसलो न् दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "आयचे घराव पत्रा नाय, न् तू ढोल आणतोस." माझंही डोकं फिरलं. म्हटलं, माझ्या दारात येऊ नको, इथला एक दाणा तुझ्याकडे येणार नाही. तरी मळणी झाल्यावर वाट्याचं भात आणून ओतलं त्याने. वाटा तो वाटा म्हणाला. पाणी न पिता गेला.

बरं झालं नाही गेलो. तिळगूळ घेऊन गोड बोलायची माझी तयारी नाही.

१८ जाने., रवि.
आज 'धा' थांबेना. मागे घूं राहतो. डबा चौकटीत. चावी खुणेवर. व्होल्टेज कमी असेल. पण व्होल्टेज कमी झालं तर आवाज पडेल, घुमेल कशाला?

गुरुजी परवा कॅसेट परत द्यायला आले होते, मी ऑफिसात असताना. सौ.ला विचारलं, डब्याला हात लावला का त्यांनी? "चहा प्यायले न् गेले." फार पटकन उत्तर दिलं.

२५ जाने., रवि.
घुमणं वाढलं. नाशिकला फोन केला. दुकानदार म्हणतो, "साहेब, खोलीत काही बदललं का?" चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, खोली माझी आहे, तीस वर्षं तिथेच आहे.

संध्याकाळी गुरुजींना आडून विचारलं. म्हणाले, तुमच्या डब्याला हात लावायला मला परत रांगावं लागेल. हसले. मला नाही हसू आलं.

२८ जाने.
ऑफिसला दांडी. सौ. नळावर गेली तसा डबा परत खुर्चीवर ठेवला न् रांगलो. सगळ्यात जास्त घूं कणगीच्या कोपऱ्यात. कणगीला हात लावला तर ती थरथरतेय. भरली कणगी कशाला थरथरेल? टिचकी मारत खाली गेलो. गळ्यापासून कमरेपर्यंत पोकळ, म्हणजे घुमत होती ती हीच. झाकण बंद, पण एका बाजूचं लिंपण ओलं, त्यावर सौ.च्या बोटांचे ठसे.

डबा जागेवर ठेवला. सौ. आली तेव्हा पेपर वाचत होतो. तिने हंडा उतरवला, चहा टाकला. एकवीस वर्षांचा संसार न् मनात येतं काय, तर ही भात विकते. कोणासाठी? कशासाठी?

३० जाने., बाजार.
दुपारी ऑफिसातून सटकलो. जीपस्टँडसमोरच्या दुकानात उभा राहिलो, काडेपेटी घ्यायच्या निमित्ताने. सौ. आली, मागे हमालाच्या डोक्यावर पोतं. वांगणीला जाणाऱ्या, वावरकडच्या जीपशी दादा उभा. पोतं टपावर चढलं. सौ.ने पदर सावरून त्याला वाकून नमस्कार केला. पैसे ना देणं ना घेणं.

माझ्याच घरचं भात. माझा शब्द मोडून. राग आला, फार राग आला. पण दादाने पोतं बांधताना टपावरून इकडे पाहिलं तेव्हा मीच खांबाआड झालो. का झालो?

१ फेब्रु., रवि.
सकाळी डबा लावलाच नाही. सौ. म्हणाली, "आज रांगायचं नाही?" मग स्वतःच बसली समोर. म्हणाली, "परवा खांबामागे तुमच्या चपला दिसत होत्या."

मी म्हटलं, मला आधीच कळलं होतं. डब्याने सांगितलं.

तिने डब्यावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "अवकाळी पडला ना, तेव्हा छपरातून त्यांच्या कणगीत पाणी गेलं. वरच्या भाताला कोंब, खालचं कुजलं. दादांनी मागितलं नाही. आईंनीही नाही. आई कोंबाचं भात उन्हात घालून निवडत होत्या, ते मी पाहिलं." वांगणीला ही कधी जाऊन आली, तेही मला माहीत नाही.

पत्रे घातले असते तर भिजलं नसतं. हे तिने म्हटलं नाही. मीच लिहितोय. लाज वाटते.

मग परसातून शेण कालवून आणलं तिने. कणगीचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. मी आत वाकून पाहिलं, खाली अजून निम्मं भात आहे. हात शेणाने भरलेले, तशीच उभी राहिली न् विचारलं, "लिंपू, का अजून एका पोत्यासाठी राहू दे उघडी?"

पाटीतलं शेण वाळत चाललंय. मी इथे लिहीत बसलोय. ती अजून उभी आहे.