महिनाभराच्या भाकऱ्या

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

आज घरासमोरच्या कट्ट्यावर माझी जीभ जरा जास्तच सैल सुटली. अमेरिका आणि चीनच्या ओढाताणीत आपण आपलं कसं साधून घ्यायचं, ते मित्रांना समजावत होतो. म्हणालो, लडाखमध्ये एखादी चकमक झाली तर ती आपल्या फायद्याचीच, जग आपल्या बाजूनं येईल.

शेजारच्या शांताबाई दारात भाकऱ्या वाळत घालताना ऐकत होत्या. त्यांचा महेश लडाखलाच आहे, फौजेत. मला माहीत नव्हतं का? होतं. बोलताना आठवलं नाही, एवढंच. एवढंच?

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "सर, पेटलंच तर किती दिवस चालंल? मग पार्सल जायचं न्हाय. आदीच पोराला तेवढ्या दिसांच्या कडक भाकऱ्या धाडते की."

चारचौघांत 'माहीत नाही' म्हणवेना. "फार तर महिनाभर," मी म्हणालो. कशाच्या जोरावर?

"तुमी सांगितलं म्हंजे झालं," म्हणत त्या आत गेल्या.

भिंतीपलीकडून भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय. थांबतच नाही. माझ्या शब्दावर त्या महिनाभराच्या भाकऱ्या करताहेत.