बाटल्यांची अंघोळ

सोमवार, २ तारीख
सगळ्यात आधी आली बोक्याची मालकीण, दवाखान्याचं दार उघडायच्या आत! बोका काखेत, बातमी ओठावर. शुक्रवारी म्हणे दवाखान्याची तपासणी. सूनबाई माझी जनावरांची डॉक्टर, तिचा चेहराच उतरला. पास झालो तरच ऑपरेशनची खोली सुरू करायची परवानगी, आणि बोक्याच्या पोटातली गाठ तिथेच काढायची आहे. मी मनात म्हटलं, घाबरतेस कशाला, मी आहे ना! स्वच्छता माझ्याकडे.

मंगळवार, ३
सूनबाई म्हणाली, "आई, औषधांच्या कपाटाला हात लावू नका." नाही लावला. हे तर फिनेलचं कपाट. आत चौदा बाटल्या, लेबलं चिकट, डागाळलेली, शी! गरम पाण्यात घातल्या सगळ्या. लेबलं खरवडून काढली. आता उंचीप्रमाणे उभ्या केल्यात, कशा गोड दिसतात! मला तर गाणंच सुचायला लागलं.

बुधवार, ४
कंपाउंडरदादा डोकं धरून म्हणाले, "आजी, टेबल पुसायची कुठली?" म्हटलं, थांबा, वासावरून सांगते. सात शिंका आल्या. डोळे अजून चुरचुरतात. उद्यापासून लांबून वास घ्यायचा.
दोन बाटल्यांत तळाशी थोडं थोडं उरलं होतं, म्हणून एकीत ओतत होते. दादांनी हातातून हिसकावलीच! काहीतरी विषारी वायू होतो म्हणे. अहो, मी पन्नास वर्षं संसार केलाय, दोन गोष्टी एकत्र करायला मला शिकवतात! सोडून दिलं. मोठेपणा दाखवला.
सूनबाईला इतक्यात सांगू नका, असं मात्र त्यांना बजावलंय. शुक्रवारी एकदम चकित होऊ दे.

शुक्रवार, ६, दुपार
तपासणीला दोघं आली. बाईंनी कपाट उघडलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भारावल्या असणार.
"यात काय आहे?"
म्हटलं, "स्वच्छता."
"आणि यात?"
"त्याहून जास्त स्वच्छता."
त्यांच्यासोबतचे गृहस्थ खोकल्यासारखं हसले. सूनबाई मात्र खुर्चीत बसली ती उठेचना. आनंदानंच असेल.

शनिवार, ७
तपासणीवाले चौदाच्या चौदा बाटल्या खोक्यात घालून घेऊन गेले. ओळख नसलेलं रसायन वापरायचं नसतं. नव्या बाटल्या आल्या, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात नाव, पाणी किती घालायचं ते आणि तारीख. मलाही वाचता येतं. कपाटाला कुलूप, किल्ली सूनबाईकडे.
बोक्याला आज ऑपरेशनसाठी परगावी नेलं. मालकीण माझ्याशी बोलली नाही. बोका म्याँव म्हणाला, तेवढंच.
तपासणीचे पाहुणे पुन्हा येतो म्हणालेत, सोमवारी, १६ तारखेला, अकरा वाजता. नणंदेकडे जायची माझी बस त्याच दिवशी नऊची आहे. तिकीट सूनबाईनं काढलंय.