नातीचं ‘चालेल’

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? माझं म्हणशील तर कंबर सोडून प्रकृती ठणठणीत, डोकं तेवढं फिरलंय.

चार दिवसांसाठी नातीकडे आलो आणि इथलाच झालो, हे तुला ठाऊक आहेच. परवा म्हटलं, एकदाचं विचारून टाकावं. ती कॉम्प्युटरपुढे कामात होती. कायमचाच राहू का गं तुझ्याकडे, असं विचारलं, तर मान वर न करता बाईसाहेब म्हणाल्या, ‘चालेल.’ आता हा शब्द मला शिकवायचा? जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. ज्या घड्याळाची मला मुळीच खात्री नसे, ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना मी नेमकं हेच म्हणायचो (आणि ते आठवड्यात परत यायचं). मला फार लागलं, ताई.

मग म्हटलं, हिला न चालणारं जगात काही आहे की नाही, बघूच. चहात मीठ घालू? चालेल. (प्यायलीसुद्धा!) तुझ्या भिंतीवर माझं टोल्यांचं घड्याळ लावू? चालेल. लावलं. साहेबांबरोबर तिची मीटिंग ऐन रंगात आलेली, आणि ते सकाळी दहाला बारा टोले देऊन मोकळं झालं. वाटलं, आता तरी चिडेल. तर ही साहेबांना ऐटीत सांगते, ‘आमच्या आजोबांनी बसवलंय.’ जणू वेळ साहेबांचीच चुकली होती.

शेवटी काल बॅग भरली. दाराशी उभा राहून म्हटलं, निघतो मग, चालेल ना? ती ताडकन उठली, कानातली बोंडं उपसली (तेव्हा कळलं, इतके दिवस तिला माझं निम्मं ऐकूच येत नव्हतं) आणि ओरडली, ‘नाही चालणार! मुळीच नाही चालणार, आजोबा!’ बॅग ओढून आत नेली आणि तिच्यावरच बसून रडली. मी रडलो नाही. माझा चष्मा ओला झाला, इतकंच.

तुझा,
भाऊ

ता. क. – माझी हत्यारांची पेटी तुझ्या माळ्यावर आहे. ते टोले दुरुस्त करायला हवेत, तेव्हा पाठवून दे.

पुन्हा ता. क. – पाठवू नकोस, घेऊनच ये, आणि राहायलाच ये. एकटी तिथं भिंतींशी किती भांडशील? इथं जिनाही नाही. नातीला विचारलं. म्हणाली, ‘चालेल.’ (बोंडं काढायला लावूनच विचारलं.)