सतराव्या प्रश्नाचं उत्तर

११ जुलै, मंगळ.
निकाल लागले. नव्या सामान्य शिक्षणाचा सक्तीचा पेपर, 'आपली वैविध्यपूर्ण संस्कृती', त्याचा हा पहिलाच निकाल. डीनसर खूष. "मॅडम, तुमचं बाळ पास झालं!" पेढे आणले होते, माणशी अर्धा. अभ्यासक्रम समितीत तीन वर्षं घसा कोरडा केला. मी मागितलं होतं: तोंडी परीक्षा, घरच्या माणसांच्या मुलाखती, त्यावर गुण. हातात आलं: पन्नास प्रश्न, चार पर्याय, काळा गोल. "एवढ्या कॉलेजांत तोंडी कोण घेणार मॅडम? आपण?" प्रकल्प राहिला तो नावाला, त्याचे गुण निकालात धरत नाहीत. प्रश्नपत्रिका मीच काढली. नेमलेल्या पुस्तकातलं सणांचं प्रकरणही माझंच. तेव्हा कुरकुर करायला तोंड नाही.
पेढा बरा होता.

१४ जुलै, शुक्र.
ऋतुजा आली होती. माझ्या वर्गातली, बी.कॉम. शेवटचं वर्ष. हिंजवडीच्या पलीकडचं गाव. वडिलांची जमीन कंपन्यांत गेली, तरी बैलजोडी ठेवलीय, त्यावरच हिने प्रकल्प केला होता. बाकी सगळे विषय फर्स्ट क्लास आणि माझ्या पेपरात नापास! १९. पासला २० लागतात. परीक्षेच्या दिवशी कंपन्यांच्या बसच्या रांगेत अडकली, पंचवीस मिनिटं उशिरा पोचली, शेवटचे वीस प्रश्न कोरे. "पण सतरावा बरोबर होता मॅम. बैलपोळा कोणत्या महिन्यात. एवढं तर मला येतंच ना."
भाद्रपद लिहिलंय. उत्तरसूचीत श्रावण.
मी आपली मोठ्या तोऱ्यात, "अगं, पोळा श्रावण अमावास्येला." तर म्हणे, "आमच्याकडे भाद्रपदात असतो मॅम. आमच्या सगळ्या पट्ट्यात." आणि लगेच, "सॉरी मॅम. पुस्तकातलं लिहायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."
ती गेल्यावर प्रकल्पांचे गठ्ठे सोडायला घेतले.

१५ जुलै, शनि.
तिचा प्रकल्प शोधून काढला. पहिलंच पान. 'आमचा पोळा, भाद्रपद अमावास्या.' ठसठशीत अक्षरात. खाली माझी सही, १० पैकी ९, 'छान!' काय वाचलं मी? फोटो पाहिले असणार, बस्स. पहिल्या तासाला वर्गात काय बोलले होते ते चांगलं आठवतंय: "घरातलं ज्ञान वर्गात आणा." तिने आणलं बिचारीने.
दिवसभर फोनाफोनी. शिरूरकडे भाद्रपद. साताऱ्याच्या मैत्रिणीकडे आषाढात, त्याला बेंदूर म्हणतात. मी दिलेले पर्याय: आषाढ, श्रावण, भाद्रपद, माघ. चारांतले तीन बरोबर! सदाशिव पेठेत जन्मले, वारज्यात फ्लॅट घेतला, बैल पाहिला तो कॅलेंडरवर. वैविध्याचा पेपर काढायला मीच सापडले.
ह्यांना सांगितलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे वैविध्य आहे की."

१८ जुलै, मंगळ.
परीक्षा विभाग. तिथले अधीक्षक शेखसाहेब, जुनी ओळख. म्हणाले, उत्तरसूचीवर हरकत घ्यायची मुदत सात दिवस, ती मे महिन्यातच संपली. फेरतपासणी? गोलाची फेरतपासणी नसते. "मॅडम, मशीनला बैल कळत नाही. काळा गोल कळतो." मग चहा मागवला. "आमच्या ईदच्या तारखेचा प्रश्न घातला नाहीत ते बरं केलंत. चंद्रावरून आमच्या घरातच दोन पार्ट्या पडतात."
हसले मी. बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला.

२१ जुलै, शुक्र.
ऋ.चा फोन. आज पहिल्यांदा कळलं काय पणाला लागलंय ते. तिला नोकरी लागलीय. हिशेब विभागात. १ नोव्हेंबरला रुजू व्हायचं, पास झाल्याचं प्रमाणपत्र घेऊन. नसेल तर जागा दुसऱ्याला. पुरवणी परीक्षा डिसेंबरात.
आणि कंपनी कुठली, तर यांच्याच वावरावर उभी असलेली. "आमच्या विहिरीच्या जागी पार्किंग आहे मॅम." गावातली माणसं तिथे आत जातात ती कॅन्टीनला, साफसफाईला. भाऊ त्यांच्याच स्टाफची गाडी चालवतो, तो गेटपर्यंत. गळ्यात कार्ड घालून खुर्चीवर बसणारी ही पहिली. बसली तर.

२ ऑगस्ट, बुध.
समितीची बैठक. विषय मांडला. प्रकल्पाचं पान फिरवलं. सगळ्यांनी पाहिलं, एकाने फोटोची तारीफ केली. डीनसर शांतपणे: "नेमलेल्या पुस्तकाबाहेरचा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. पुस्तकात काय आहे?"
"श्रावण."
"प्रकरण कुणाचं आहे?"
म्हटलं, माझं आहे आणि चुकलंय. सगळ्यांना तो एक गुण देऊन टाका, कुणाचं काय बिघडतंय? तर म्हणे सगळ्या कॉलेजांचा निकाल परत लावावा लागेल, ऑक्टोबरात विद्यापीठाला श्रेणी द्यायला मूल्यमापन समिती येतेय, आत्ता निकालाला हात लावला तर लाज जाईल. "नंतर सहानुभूतीने बघू."
इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच.

१४ सप्टें., गुरु.
कॅलेंडरवर पोळा. डीनसरांनी सकाळीच ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या, हसऱ्या बैलाचं चित्र. पंचवीस अंगठे. मी काही टाकलं नाही. एवढाच माझा निषेध!

२५ सप्टें., सोम.
मूल्यमापन समिती १४ ऑक्टोबरला. त्या दिवशी 'वैविध्य महोत्सव'. फेटे, लेझीम, राज्याराज्यांचे पदार्थ. कुणीतरी हळूच म्हणालं, सर, सर्वपित्री अमावास्या आहे. डीनसर: "आपण विद्यापीठ आहोत, मंगल कार्यालय नाही." हशा. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, स्वागताला प्रवेशद्वारावर बैलजोडी हवी. तुमच्या त्या विद्यार्थिनीकडे आहे ना?"
म्हणजे त्या दिवशी फिरवलेलं पान यांनी नीट पाहिलं होतं. मी बघते म्हणाले. नाही का म्हटलं नाही? म्हणता येत होतं. म्हटलं नाही.

५ ऑक्टो., गुरु.
दहा दिवस टाळून शेवटी फोन केला. तिचे वडील, आप्पा, स्वतः बोलले. तारीख विचारून घेतली. मग, "मॅडम, त्या दिशी तर आमचा पोळा हाय. येशीत पयला मान आमच्या जोडीचा. आज्यापासनं."
भाद्रपद अमावास्या! माझ्या टाळक्यात तोवर प्रकाशच पडला नव्हता. सर्वपित्री म्हटलं की आम्हाला पान वाढायचं तेवढं आठवतं. म्हटलं, राहू द्या आप्पा, मी दुसरीकडे बघते. तर म्हणाले, "थांबा. सायेब तिथं असत्याल ना? पोरीचं बोलता यील?"
खरं ते सांगितलं. भेटून काही होईल असं मला वाटत नाही.
"न का होईना. तोंड तर दावून येतो."

६ ऑक्टो., शुक्र.
डीनसरांना कळवलं की त्या दिवशी त्यांच्याकडे पोळा असतो, तरीही येतायत. "पोळा? तो होऊन महिना झाला ना?" आणि फोनवर कुणाशी तरी मांडवाचं बोलायला लागले.

१४ ऑक्टो., शनि.
टेम्पो सकाळी सातला आला. बैल काय सजवले होते! शिंगं रंगवलेली, पाठीवर आरशांच्या झुली, कपाळाला बाशिंगं, गळ्यात घुंगरमाळा. घरी नैवेद्याला वेळ मिळाला नव्हता म्हणून ऋ.ची आई डब्यात पुरणपोळ्या घेऊन आलेली. हिरवळीच्या कडेला उभी राहून बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, एकेक पोळी भरवली. सुरक्षारक्षक आला, "ताई, गवतावर पाणी नको." तिने मुकाट्याने तांब्या उचलला. मी दहा पावलांवर उभी होते, साडी सांभाळत.
पाहुणे आले. डीनसरांनी बैलांना हार घातले, फोटो. एका पाहुण्याने इंग्रजीत विचारलं, आज काय विशेष? डीनसर 'रूरल हेरिटेज' म्हणेपर्यंत ऋ. मध्येच बोलली, "सर, टुडे इज अवर पोळा." पाहुणा एकदम खुलला. आजच? काय योग! आणि डीनसर हसून, "येस येस, टुडे ओन्ली. वी प्लॅन्ड इट दॅट वे."
मी ऐकलं. ऋ.ने ऐकलं. माझ्याकडे बघून हसली ती, इतक्या आशेने, की मला बघवेना.
जेवणं झाल्यावर आप्पा डीनसरांपुढे गेले. टोपी हातात. "सायेब, आमच्या पोरीचं..." "हो हो, अर्ज द्या, बघू," आणि पाठीवर थाप मारून पुढच्या स्टॉलवर. आप्पांनी टोपी परत घातली. मग बैल चढवले. गावची मिरवणूक चारला असते. मान पुढच्या घराला गेला असणार. मी विचारलं नाही.

१७ ऑक्टो., मंगळ.
आप्पांचा अर्ज फिरून फिरून माझ्याच टेबलावर. 'मूळ प्राश्निकाच्या अभिप्रायासाठी.' उत्तरसूची योग्य / अयोग्य. अयोग्य असल्यास नेमलेल्या पुस्तकातील पृष्ठ क्रमांक द्यावा. पृष्ठ ४२, लेखिका मी. अयोग्यवर खूण केली. पृष्ठाच्या जागी लिहिलं: 'पुस्तक चूक आहे. पोळा १४ ऑक्टोबरला होता, हे डीनसरांनी मूल्यमापन समितीला सांगितलेलं आहे.' बरं वाटलं.
शेखसाहेबांनी वाचलं, दोनदा. आवक शिक्का मारला. "कडक लिहिलंत मॅडम. बैठक दिवाळीनंतर आहे."

२६ ऑक्टो., गुरु.
डीनसरांना तीनदा फोन. मीटिंग, मीटिंग, प्रवास. विद्यापीठाच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर आप्पांचे बैल. आप्पा कापलेत, नुसता कासरा धरलेला हात दिसतो.

३१ ऑक्टो., मंगळ., संध्याकाळ
ऋ.चा फोन. उद्या नऊला ती जाणारच आहे. "गेटवर हाकललं तर हाकललं मॅम. पण तुम्ही एक लेटर द्याल? की आन्सर बरोबर होतं म्हणून? ते थोडे दिवस थांबतील कदाचित." भाऊ सकाळी सातला वारज्याच्या पुलाखाली स्टाफ घ्यायला थांबतो, त्याच्याकडे द्यायचं.
प्राश्निकाचं नाव गुप्त. तसं हमीपत्र दिलंय. मी काढलेला प्रश्न, माझी चूक, असं बाहेर लिहून दिलं तर चौकशी. निवृत्तीला चार वर्षं. ह्यांना विचारलं. आज पहिल्यांदा काही खोचक बोलले नाहीत. "तुझं तू बघ," एवढंच.
साध्या कागदावर लिहिलं असतं तर कंपनीने विचारलंही नसतं. म्हणून विभागाच्या लेटरहेडवरच लिहिलं. चार ओळी. 'प्रश्न मी काढला होता. तिचं उत्तर बरोबर आहे. माझं चुकलं.'
पाकिटावर तिचं नाव घातलंय. कागद अजून बाहेरच आहे, सही राहिलीय.